पेंढीच्या पोटात

कळ्याच्या पुढं, गगनबावड्याच्या रस्त्याला
दिवाळी सरली की केरबाचा टेम्पो उभा असतो.
गवत रचलेलं, वर दोर, दोरावर त्याचा पोरगा झोपलेला.
"वैनी, हिरवंगार हाय. रंग तरी बघा की."

रंग मी शेवटी बघते.
वरचा थर उन्हानं पिवळा केला तर करू दे,
ऊन काय, कुणाच्याही पाठीवर बसतं.
मी पेंढीचा आळा सैल करते
आणि कोपरापर्यंत हात घालते आत.
गार लागलं पाहिजे.
कोमट लागलं तर ते आतल्या आत अजून काहीतरी शिजवतंय,
ओलं कापलेलं, घाईनं बांधलेलं.
घाईनं बांधलेल्याचं काय होतं
ते मला गवतावाचूनही ठाऊक आहे.

हे दस्तगीरचाचांनी शिकवलं.
टांग्याच्या काळातला माणूस.
दोन्ही डोळ्यांत फूल पडल्यावरही
मूठभर गवत कानाशी नेऊन चुरायचे.
"ऐक. चांगलं गवत कुजबुजतं.
जून असलं की कडाकडा बोलतं.
आणि जे बोलतच न्हाई ते ओलं, ते दारात घेऊ नगंस."
मग नाकाशी.
मग, थुंकायला जागा बघून, दाताखाली.
मी हसायची. विशीतली होते,
घोडीआधी माणसानं गवत खाऊन बघायचं
हे काही पटत नव्हतं.

एका वर्षी पैसे कमी होते.
पेंढी झटकली तेव्हा पांढरा धूर निघाला,
मी म्हटलं, रस्त्याची धूळ असेल.
म्हटलं म्हणजे, मोठ्यानं नाही.

त्या रात्री शिसवी वळून वळून
स्वतःच्या पोटाकडं बघत राहिली,
आतून कुणी हाक मारत असल्यासारखी.
गाईला चार कप्पे. चूक ती वाटून घेते,
परत तोंडात आणते, पुन्हा विचार करते.
घोड्याला ओकताही येत नाही.
गेलं ते गेलं.

रंकाळ्याच्या काठानं फिरवली तिला.
भेळेच्या गाड्या ताडपत्रीखाली,
पाण्याला शेवाळाचा वास,
लगाम माझ्या हातात
आणि चाचा तिच्या कुशीला कान लावून चालणारे,
ठेचकाळत, शिव्या देत, मधेच हात वर करून:
"थांब. आतडं बोललं का?
...न्हाई. चल."
चारच्या सुमाराला तिनं लीद टाकली
आणि आम्ही दोघं भर रस्त्यात इतकं हसलो
की एक रखवालदार शिट्टी मारत आला.
गवताबद्दल चाचा एक शब्द बोलले नाहीत.
त्या वर्षी नाही, नंतरही नाही.
तेच लागलं.

आता केरबा म्हणतो,
"जनावराला घालायचंय का सून बघायला आलाय?"
मी तुरे चाचपते.
तुरा पिकला म्हणजे गवतानं होतं नव्हतं ते बियांना दिलं,
खाली राहिली नुसती काडी आणि कुसळं.
फुलोऱ्यात कापलेलं हवं, पानं शाबूत,
पिळलं तर मुठीला टोचू नये.
आणि वास. वास कसा सांगायचा?
चहापत्तीचा नवा पुडा फोडल्यासारखा,
पण त्याहून थोडा गोड, थोडा लांबचा.
तीस पेंढ्या बाजूला सारते:
"ह्या नकोत. ह्या मी कुणालाच घालणार नाही."
तो बडबडतो. पोरगा उठून बसतो, डोळे चोळतो,
आणि गुपचूप मोजून उतरवतो उरलेल्या.

संध्याकाळी शिसवीपुढं पहिली पेंढी सोडली.
म्हातारी झालीय, दात झिजलेत,
पण ओठ अजून सोनाराचे.
फुंकर घातली, नाक खुपसलं, खाऊ लागली.
मी खांबाला टेकले, जरा ऐटीतच.
तेवढ्यात तिनं एक काडी ओठानं वेगळी केली,
बाजूला टाकली,
आणि पुन्हा खाली मान.

ती काडी उचलून बल्बखाली धरली मी.
फिरवली. चुरली. कानाशी नेली.
दाताखालीही घातली शेवटी.

काही सापडलं नाही.